साठवण साधने, चलच्चित्र संपादनाची

चलच्चित्रांचे संपादन ज्या संगणकावर केले जाते, त्यातील मूळ चित्रण, ध्वनी, संपादनाच्या नोंदी व तयार झालेले चित्र कायमस्वरूपी साठविणाऱ्या प्रयुक्तींना ही संज्ञा लावली आहे. चुंबकीय तबकडी अथवा हार्ड डिस्क, अर्धसंवाहक स्मृतीवर आधारलेली एसएसडी आणि चुंबकीय फीत हे यांचे तीन प्रमुख प्रकार होत. लेखनकामाच्या संगणकात साठवण म्हणजे केवळ कोठार असते. संपादनाच्या संगणकात मात्र तिच्याकडून कोठाराखेरीज पाटाचेही काम अपेक्षित असते : सेकंदाला २५ चित्रचौकटी खंड न पडता प्रक्रियकाकडे वाहत राहिल्या पाहिजेत. एखादी चौकट उशिरा आली, तर ती चुकली असेच धरावे लागते. म्हणून जुना संगणक सुधारताना केवळ मोठे किंवा केवळ वेगवान साधन घेऊन प्रश्न सुटत नाही. कोणत्या कामासाठी किती ओघ लागतो याचा हिशोब आधी मांडावा लागतो आणि एकदाच घडलेल्या प्रसंगाचे चित्रण पुन्हा मिळत नसल्याने त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी लागते.

ऐतिहासिक आढावा : दृश्याचे चुंबकीय मुद्रण आणि संगणकाची चुंबकीय तबकडी ही दोन्ही १९५६ सालची अपत्ये असून दोन्हींचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात झाला. अँपेक्स कंपनीने ५ सेंमी. रुंदीच्या फितीवर दूरचित्रवाणीचे चित्र मुद्रित करणारे यंत्र त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागो येथे दाखविले. त्याच वर्षी आयबीएमने रॅमॅक संगणकाबरोबर ३५० क्रमांकाचे तबकडी-यंत्र बाजारात आणले. त्यात ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. फितीवरील संपादन सुरुवातीला अक्षरशः पात्याने कापून केले जाई. लोहाचे सूक्ष्म कण असलेला द्रव फितीवर लावून मुद्रणरेषा दृश्यमान करावयाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी जागा शोधावयाची व तेथे छेद घ्यावयाचा, असे ते कसबी काम होते. पुढे एका यंत्रावरून दुसऱ्यावर मुद्रण करून संपादन होऊ लागले. तरीही फितीवरील विसाव्या मिनिटाचे दृश्य पाहण्यासाठी आधीची एकोणीस मिनिटे गुंडाळावीच लागत.

तबकडीवर मात्र वाचनशीर्ष कोणत्याही जागी थेट जाऊ शकते. या गुणाचा संपादनासाठी पहिला उल्लेखनीय उपयोग सीबीएस व मेमोरेक्स यांच्या संयुक्त उपक्रमातून १९७१ मध्ये तयार झालेल्या सीएमएक्स ६०० या यंत्रणेत झाला. तिच्या तबकड्यांवरील चित्र कृष्णधवल व हलक्या प्रतीचे असे. संपादकाने त्यावर छेद ठरवावयाचे आणि त्या छेदयादीवरून मूळ फितींचे अंतिम संपादन दुसऱ्या यंत्राने करावयाचे, अशी तिची रीत होती. आज ज्यास ‘प्रॉक्सी’ म्हणतात त्या हलक्या प्रतिरूपावर काम करण्याच्या पद्धतीचे मूळ येथे आहे. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीची मॅकिंटॉश संगणकावर चालणारी संपादन यंत्रणा आली. वॉल्टर मर्च यांना द इंग्लिश पेशंट (१९९६) या चित्रपटाच्या संपादनासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा अशा यंत्रणेवर संपादित झालेल्या चित्रपटाला तो मान प्रथमच लाभला. १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही फितीने अंकीय चित्रण छोट्या व्यावसायिकाच्या आटोक्यात आणले. तिचा ओघ सेकंदाला सु. ३·६ मेगॅबाइट, म्हणजे तासाला १३ गिगॅबाइट एवढाच असल्याने घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कला तो पेलवत असे. त्यानंतर विभेदन वाढत गेले आणि हा हिशोब पार बदलला.

ओघाचा हिशोब : चित्राच्या एका चौकटीतील चित्रबिंदूंची संख्या, दर चित्रबिंदूस लागणारे बिट व सेकंदाला चौकटींची संख्या यांच्या गुणाकाराने असंपीडित चित्राचा ओघ मिळतो. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंच्या चौकटीत २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. १० बिट खोलीच्या ४:२:२ पद्धतीत दर चित्रबिंदूस सरासरी २० बिट लागतात, म्हणजे एक चौकट सु. ५·१८ मेगॅबाइटची होते आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्यास ओघ सु. १३० मेगॅबाइट येतो. एका तासाच्या चित्राला ४६७ गिगॅबाइट जागा लागते. चौपट चित्रबिंदू असलेल्या ३,८४० × २,१६० विभेदनाला (बाजारात यालाच ‘फोर-के’ म्हणतात) सेकंदाला सु. ५१८ मेगॅबाइट व तासाला १·८७ टेराबाइट लागतील.

प्रत्यक्षात चित्र जवळजवळ नेहमी संपीडित असते. संपादनासाठी मुद्दाम आखलेल्या प्रोरेस ४२२ या पद्धतीत वरील मोठ्या विभेदनाचा, २५ चौकटींचा ओघ सेकंदाला ४९२ मेगॅबिट, म्हणजे सु. ६१·५ मेगॅबाइट असतो. तिच्याच उच्च दर्जाच्या प्रकारात तो ७३७ मेगॅबिट, म्हणजे ९२ मेगॅबाइटपर्यंत जातो. लहान कॅमेऱ्यांतून मिळणाऱ्या एच-२६४ किंवा एच-२६५ पद्धतीच्या फाइलींचा ओघ पुष्कळदा १०० मेगॅबिटच्या, म्हणजे १२·५ मेगॅबाइटच्या आसपास असतो. येथे बिट आणि बाइट यांचा घोटाळा फार होतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात मेगॅबिट व डिस्कच्या वेष्टनावर मेगॅबाइट छापलेले असल्याने आठपटीची चूक सहज घडते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एच-२६५ पद्धतीत बहुतेक चौकटी पूर्ण साठविलेल्या नसतात. मागील-पुढील चौकटींतील फरक तेवढा नोंदलेला असतो. असे चित्रण अडखळत असेल, तर दोष बहुधा साठवण साधनाचा नसून चौकटींची उकल करणाऱ्या प्रक्रियकाचा किंवा चित्रक-पत्राचा असतो. १२·५ मेगॅबाइटचा ओघ जुनी हार्ड डिस्कही पुरवू शकते. अशा वेळी महागडी एसएसडी बसविल्यास पैसे जातात व अडखळणे तसेच राहते. म्हणून खरेदीपूर्वी नेहमीचे काम चालू ठेवून संगणकाच्या कार्यदर्शकात प्रक्रियक व डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे ते पाहणे, ही सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त चाचणी होय. प्रक्रियक टेकलेला असेल, तर मूळ चित्रणाचे प्रोरेससारख्या पद्धतीत रूपांतर करणे किंवा लहान प्रतिरूपे तयार करणे हा उपाय ठरतो. मात्र रूपांतराने ओघ पाचपटीपर्यंत वाढतो व अडचण प्रक्रियकाकडून डिस्ककडे सरकते, याचे भान ठेवावे लागते.

हार्ड डिस्क : चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मेजावरील संगणकात सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. एका फेऱ्यास ८·३ मिलिसेकंद लागतात; हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सु. ४·२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य मार्गिकेवर नेण्यास आणखी सु. ८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचावयाच्या असल्यास सेकंदाला सु. ८० जागाच हाती लागतात. प्रत्येक जागी ४ किलोबाइट माहिती असेल, तर एकूण वेग सेकंदाला ३२० किलोबाइट एवढा क्षुल्लक होतो. हीच डिस्क सलग वाचताना मात्र २०० मेगॅबाइट व त्याहूनही अधिक देते. संगणकाची कार्यप्रणाली हजारो लहान फाइली वाचीत असते, म्हणून ती हार्ड डिस्कवर मंद चालते. चित्रणाची फाइल मोठी व सलग असते, म्हणून तेच साधन चित्रणाला चांगले चालते.

परंतु हे एका प्रवाहापुरते झाले. चार कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच प्रसंग चारही चित्रे एकदम पाहत संपादित करावयाचा असेल, तर वरील प्रोरेस फाइलींसाठी सेकंदाला २४६ मेगॅबाइट लागतील आणि शीर्षाला चार फाइलींत सतत उड्या माराव्या लागतील. संपादन आज्ञावली दर उडीला १ मेगॅबाइट वाचते असे धरले, तर वाचण्यास ५ मिलिसेकंद व उडीस १२ मिलिसेकंद लागून प्रत्यक्ष वेग ५९ मेगॅबाइटवर येतो. दर खेपेस ८ मेगॅबाइट वाचल्यास तो १५४ मेगॅबाइटपर्यंत चढतो, तरीही तो अपुराच पडतो. वेष्टनावरील आकडा खोटा नसतो. तो सलग वाचनाचा असतो इतकेच.

तबकडीच्या बाहेरील मार्गिका लांब असल्याने एका फेऱ्यात त्यांवरून अधिक माहिती वाचता येते. डिस्क बाहेरून आत भरत जाते व आतील मार्गिकांवर वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. नवी असताना ‘पळणारी’ डिस्क वर्षभराने मंदावली अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे कारण बहुधा एवढेच असते. संपादनाच्या डिस्कचा शेवटचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवण्याची कारागिरांची जुनी रीत त्यामुळे सयुक्तिक ठरते.

खरेदीच्या वेळी आणखी एक भेद पाहावा लागतो. अधिक माहिती मावावी म्हणून काही डिस्कवरील मार्गिका कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. अशी एक मार्गिका पुन्हा लिहावयाची झाल्यास शेजारच्या अनेक मार्गिका पुन्हा लिहाव्या लागतात व मोठे लेखन चालू असताना वेग कोसळतो. एकदा लिहून ठेवून देण्याच्या प्रतीसाठी हा प्रकार चालतो. रोजच्या संपादनासाठी व विशेषतः अनेक डिस्कच्या समूहासाठी तो टाळणेच बरे. काही उत्पादकांनी ही रचना समूहासाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्येही उल्लेख न करता वापरल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर तपशीलपत्रात तिचा निर्देश करण्याची पद्धत बरीच रूढ झाली असून तो वाचूनच डिस्क निवडावी.

एसएसडी : तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या नँड प्रकारच्या फ्लॅश स्मृतीवर ही साधने आधारलेली आहेत. यात फिरणारा भाग नसतो. सिलिकॉनच्या सूक्ष्म कोशिकेत विद्युत् भार अडकवून माहिती साठविली जाते व कोणतीही जागा वाचण्यास मिलिसेकंदाचा अंशमात्र काळ पुरतो. वर हिशोबात आलेला उड्यांचा खर्च येथे जवळजवळ नाहीसा होतो, हाच तिचा खरा लाभ होय. जाहिरातीतील सलग वेगाचा मोठा आकडा त्यामानाने दुय्यम आहे.

संगणकाशी जोडण्याच्या दृष्टीने तिचे दोन प्रकार आढळतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सु. ५५० मेगॅबाइट देते; जोडणीची मर्यादाच ६०० मेगॅबाइट असल्याने त्याहून अधिक वेग तिला शक्य नाही. एनव्हीएमई हा संकेत (२०११) वापरणारी एसएसडी पीसीआय एक्सप्रेस या मार्गाने थेट प्रक्रियकाशी बोलते. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत चार पदरांवर सु. ३,९०० मेगॅबाइट, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट आणि पाचव्या पिढीत चौपट ओघ सैद्धांतिक दृष्ट्या शक्य असतो. हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. तथापि प्रोरेसचे ६१·५ मेगॅबाइटचे आठ प्रवाहदेखील साध्या साटा एसएसडीत बसतात. संपीडित चित्रणाच्या कालरेषेवर या दोहोंतील फरक संपादकाच्या लक्षातही येत नाही. असंपीडित अथवा कॅमेऱ्याचे कच्चे चित्रण, सुट्या चौकटींच्या मालिका, दृश्य-परिणामांचे तात्पुरते साठे आणि दोन अंतर्गत साधनांमधील मोठ्या नकला या कामांत तो स्पष्ट दिसतो. कॅमेऱ्याच्या पत्रावरून संगणकात चित्रण उतरवून घेण्याच्या कामी मात्र वेग पत्रच ठरविते. यूएचएस-१ प्रकारच्या एसडी पत्राची मर्यादा सेकंदाला १०४ मेगॅबाइट आहे व पलीकडचे साधन कितीही वेगवान असले तरी ती बदलत नाही.

एका कोशिकेत किती बिट कोंबले आहेत यावर एसएसडीची किंमत, वेग व आयुष्य अवलंबून असतात. तीन बिटांचा प्रकार सर्वसाधारण वापरात आहे. चार बिटांचा प्रकार स्वस्त, पण लेखनात मंद असतो. ही मंदता झाकण्यासाठी साधनातील काही कोशिकांत तात्पुरता एकच बिट वेगाने लिहिला जातो व नंतर सवडीने माहिती दाटून बसविली जाते. काही गिगॅबाइटच्या नकलेत हा बेत यशस्वी होतो. परंतु तीन-चारशे गिगॅबाइटचे चित्रण एकदम उतरविल्यास वेगवान भाग भरून जातो आणि चार बिटांच्या साधनाचा लेखनवेग हार्ड डिस्कइतका किंवा त्याहूनही खाली उतरू शकतो. ज्या साधनावर रोज चित्रण उतरवावयाचे, ते तीन बिटांचे आणि शक्यतो स्वतःची पूरक स्मृती असलेले घेणे इष्ट होय.

कोशिका लिहिता-लिहिता झिजतात. उत्पादक हमीच्या काळात किती माहिती लिहिता येईल ते टेराबाइटमध्ये सांगतात. १ टेराबाइटच्या तीन-बिट साधनास ६०० टेराबाइट हा आकडा नेहमी आढळतो. रोज ३०० गिगॅबाइट लिहिले, तरी ही मर्यादा गाठण्यास २,००० दिवस, म्हणजे सु. साडेपाच वर्षे लागतील. यास्तव झिजेची जी धास्ती बाळगली जाते ती बव्हंशी निराधार आहे. खरी काळजी उष्णतेची करावी लागते. मदरबोर्डवर सपाट बसणारी एनव्हीएमई एसएसडी दीर्घ लेखनात तापते व ठराविक मर्यादेपलीकडे स्वतःचा वेग आपणच कमी करते. विदर्भात मे महिन्यात बाहेरील तापमान ४५° से.च्या वर जात असताना वातानुकूलन नसलेल्या खोलीतील बंदिस्त पेटीत हे लवकर घडते. उष्णता-विसर्जक पत्रा व पेटीतून वाहणारी हवा यांवर केलेला अल्प खर्च अशा ठिकाणी अधिक वेगवान साधनापेक्षा फलदायी ठरतो.

कामाची विभागणी : संपादनाच्या संगणकातील साठवणीची कामे चार आहेत. कार्यप्रणाली व आज्ञावली यांना लहान फाइली झटपट वाचणारे साधन लागते. क्षमता फारशी लागत नाही. चालू कामाच्या चित्रणाला अखंड ओघ व पुरेशी जागा लागते. तात्पुरत्या साठ्यात आज्ञावली सतत लिहीत व पुसत असते. तो नष्ट झाला तरी पुन्हा तयार करता येतो. चौथे काम पूर्ण झालेल्या कामांचे जतन. त्याला वेग जवळजवळ लागतच नाही. क्षमता, स्वस्ताई व भरवसा लागतो. हार्ड डिस्कच्या जमान्यात ही कामे वेगवेगळ्या तबकड्यांवर ठेवणे आवश्यकच होते, कारण एकच शीर्ष सर्वत्र धावू शकत नसे. एसएसडीमुळे ते बंधन पुष्कळ सैल झाले असून एकाच मोठ्या एनव्हीएमई साधनावर पहिली तिन्ही कामे ठेवणारे संपादकही आहेत. तरीही कार्यप्रणालीचे साधन वेगळे ठेवण्यात सोय आहे. कार्यप्रणाली बिघडून ती नव्याने बसवावी लागली, तर चित्रणाला हात लावावा लागत नाही.

लग्नसमारंभांचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकाचे उदाहरण घेता येईल. दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी आठ तास १०० मेगॅबिटने चित्रण केले, तर तासाला ४५ गिगॅबाइट याप्रमाणे ७२० गिगॅबाइट जमा होतात. हंगामात अशी तीन-चार कामे एकाच वेळी चालू असतात. त्याला ५०० गिगॅबाइटची एसएसडी कार्यप्रणालीसाठी, २ टेराबाइटची साटा किंवा तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी हातातील एक-दोन कामांसाठी आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क इतर सर्व चित्रणासाठी, एक संगणकात व एक बाहेर, एवढे पुरते. याउलट दहा तासांचे प्रोरेस चित्रण असलेल्या माहितीपटाला केवळ मूळ सामग्रीसाठी २·२ टेराबाइट लागतात व त्याच्या संपादकाने ४ टेराबाइटखाली विचार करू नये. पाचव्या पिढीच्या एसएसडीची गरज या दोघांनाही नाही. तिच्यापायी दुसरी हार्ड डिस्क राहून जाणार असेल, तर तो व्यवहार तोट्याचा होय.

जुन्या संगणकातील मर्यादा : ज्या संगणकाची कार्यप्रणाली अद्याप हार्ड डिस्कवर आहे, त्यात ती साटा एसएसडीवर हलविणे ही पहिली व सर्वाधिक परिणाम देणारी सुधारणा होय. त्यापुढे जाताना मदरबोर्डची माहितीपुस्तिका चाळणे अपरिहार्य ठरते. एम-२ नावाची २२ मिमी. रुंदीच्या साधनांची खोबण बाहेरून सारखी दिसली, तरी काही खोबणी फक्त साटा, काही फक्त एनव्हीएमई व काही दोन्ही प्रकार स्वीकारतात. चुकीचे साधन बसते, पण संगणकाला ते दिसत नाही. कित्येक मदरबोर्डवर ही खोबण वापरल्यास साटाची एक-दोन टोके बंद पडतात आणि जुनी हार्ड डिस्क अचानक नाहीशी झाल्याचा भास होतो. जुन्या संगणकांतील प्रारंभ-आज्ञावलीला पुष्कळदा एनव्हीएमई साधनावरून कार्यप्रणाली सुरू करता येत नाही. तेथे कार्यप्रणाली साटावर ठेवून एनव्हीएमई साधन जोडपत्राद्वारे केवळ चित्रणासाठी वापरता येते. तिसऱ्या पिढीच्या मार्गावर चौथ्या पिढीचे साधन चालते, परंतु तिसऱ्याच्याच वेगाने.

डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीने केली, तर २·२ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धत निवडावी लागते. बाह्य डिस्कवर फॅट-३२ पद्धत असल्यास ४ गिगॅबाइटहून मोठी फाइल लिहिली जात नाही व लांब चित्रणाची नक्कल अर्ध्यात थांबते. १ टेराबाइटचे साधन विंडोज प्रणालीत ९३१ गिगॅबाइट दिसते, ते मात्र फसवणुकीमुळे नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो व प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजते.

मांडीवरील संगणकात आत जागा नसल्याने बाह्य एसएसडी वापरली जाते. सेकंदाला १० गिगॅबिटच्या यूएसबी जोडणीवर ती सु. १,००० मेगॅबाइट देते. तीच जुन्या यूएसबी-२ टोकाला लावल्यास ३०-४० मेगॅबाइटवर येते. दोष शोधताना तारेची जात आधी पाहावी.

डिस्कचे समूह : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक मोठी, वेगवान व बिघाड सोसणारी डिस्क बनविण्याच्या रीती मांडल्या. या रीती रेड या नावाने ओळखल्या जातात. रेड-० मध्ये माहितीचे पट्टे सर्व डिस्कवर वाटले जातात. २०० मेगॅबाइटच्या चार डिस्क मिळून सु. ८०० मेगॅबाइट देतात. पण एक गेली की सर्व चित्रण जाते. एका डिस्कच्या बिघाडाची वार्षिक शक्यता २ टक्के धरली, तर चारांपैकी किमान एक बिघडण्याची शक्यता सु. ८ टक्के होते. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच माहिती असते. रेड-५ एका आणि रेड-६ दोन डिस्कचा बिघाड सोसते. डिस्क फार मोठ्या झाल्याने रेड-५ वर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. १६ टेराबाइटची बदललेली डिस्क २०० मेगॅबाइटच्या वेगाने पुन्हा भरण्यास २२ तासांहून अधिक काळ लागतो व तेवढ्या अवधीत दुसरी डिस्क बिघडल्यास सर्व संपते. अनेक संपादकांनी एकाच सामग्रीवर काम करावयाचे असल्यास असा समूह जालावर ठेवतात. १ गिगॅबिटचे साधे जाल सु. ११० मेगॅबाइटच देत असल्याने तेथे १० गिगॅबिटचे जाल लागते.

राखीव प्रती व जतन : समूह म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्कचा बिघाड तो सोसतो. चुकून पुसणे, चोरी, आग, विजेचा तडाखा किंवा माहिती ओलीस धरणारी घातक आज्ञावली यांपुढे तो निरुपयोगी असतो, कारण पुसण्याची आज्ञा सर्व डिस्कवर एकदमच अमलात येते. पिक्सार संस्थेत टॉय स्टोरी २ (१९९९) या सचेतनपटाचे काम चालू असताना १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या आणि राखीव प्रत घेणारी यंत्रणाही नीट चालत नसल्याचे तेव्हा ध्यानात आले. गॅलिन सुस्मन या तंत्र-दिग्दर्शिका घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यामुळे काम वाचले. ही प्रत वेगळ्या जागी होती, हे लक्षणीय आहे. सामग्रीच्या तीन प्रती, त्या किमान दोन साधनांवर व त्यांतील एक निराळ्या वास्तूत, हा रूढ संकेत याच कारणासाठी पाळला जातो.

नक्कल झाली म्हणजे ती बरोबरच झाली असे नसते. व्यावसायिक नक्कल-आज्ञावली मूळ फाइल व नक्कल यांच्या बिटांवरून काढलेल्या पडताळा-संख्या जुळवून पाहते. अशा दोन पडताळलेल्या प्रती तयार होईपर्यंत कॅमेऱ्याचे पत्र पुसू नये, हा नियम मोठ्या चित्रपटांच्या चमूंत कसोशीने पाळला जातो. लहान व्यावसायिकांकडे पत्रांची टंचाई असल्याने तो सर्वांत आधी मोडतो. एका जादा पत्राची किंमत त्यामानाने नगण्य असते. वीजपुरवठा अवचित खंडित होतो तेथे डिस्कवर लेखन चालू असताना फाइलींची सूची बिघडण्याचा धोका असतो, म्हणून काही मिनिटे वीज पुरविणारे यूपीएस साठवणीचाच एक भाग समजावे.

जतनासाठी एसएसडी योग्य नाही. विजेविना पडून राहिल्यास कोशिकांतील भार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनमर्यादा संपलेल्या सर्वसाधारण एसएसडीने ३०° से. तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकविणे अपेक्षित असते. नवे साधन याहून बरेच अधिक काळ टिकविते; मात्र तापमान वाढले की हा काळ घटतो आणि पत्र्याखालच्या कपाटातील उन्हाळा या मानकाने गृहीत धरलेला नाही. हार्ड डिस्कवरील चुंबकन दीर्घकाळ टिकते, पण वर्षानुवर्षे न फिरलेले यांत्रिक भाग अडकू शकतात. म्हणून कपाटातील डिस्क वर्षातून एकदा तरी चालवून पडताळून पाहणे व पाच-सहा वर्षांनी तिची नवी प्रत काढणे आवश्यक असते.

मोठ्या संग्रहांसाठी चुंबकीय फीत आजही वापरात आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या एलटीओ मालिकेच्या नवव्या पिढीतील (२०२१) एका फितीवर असंपीडित १८ टेराबाइट माहिती मावते व ती सेकंदाला ४०० मेगॅबाइटपर्यंत वाचता येते. फीत तुलनेने स्वस्त, परंतु ती चालविणारे यंत्र काही लाख रुपयांच्या घरात जाते. त्यामुळे वर्षाकाठी शंभर टेराबाइटच्या खाली सामग्री असलेल्याला ती क्वचितच परवडते. थंड व कोरड्या जागी फीत तीस वर्षे टिकावी अशी उत्पादकांची अपेक्षा असते. यंत्रांचे मात्र तसे नाही : नवव्या पिढीचे यंत्र आठव्या पिढीच्या फिती वाचते व लिहिते, सातव्या पिढीच्या वाचू शकत नाही. त्यामुळे संग्रहालयांना दर दोन पिढ्यांनी सर्व सामग्री नव्या फितींवर उतरवून घ्यावी लागते व त्या स्थलांतराचा खर्च पहिल्या खरेदीच्या वेळीच धरला जातो.